माळावर झाडं लावून क्रेडिट कशाला, गवताचं द्या ना

ग्रीन क्रेडिटची, म्हणजे झाडं लावण्यासारख्या पर्यावरणाच्या कामासाठी केंद्र सरकार देतं त्या गुणांची, चर्चा खूप चाललीये म्हणून लिहितेय, कारण पुणे-सोलापूर पट्ट्यातल्या आपल्या माळांचा प्रश्न आहे. ऑक्टोबर २०२३ मधे केंद्राने नियम काढले, मग फेब्रुवारी २०२४ मधे झाडं लावायची पद्धत ठरली, एका झाडाला एक क्रेडिट आणि हेक्टरी किमान ११०० झाडं. जमीन कुठली तर विरळ जंगल, झुडपी रान, पडीक, आणि सरकारी कागदावर आपली कितीतरी माळरानं पडीकच आहेत!

२०२५ मधे नियम सुधारले, आता पाच वर्षं जगलेलं झाडच मोजणार, हे चांगलंच झालं. पण सोबत अट आली की जमिनीच्या किमान ४० टक्के भागावर झाडांची सावली हवी. अहो माळावर एवढी सावली पडली की मारवेल, पवन्या, कुसळी ही सगळी गवतं जाणार, मग धाविक, तणमोर हे पक्षी आणि चिंकारा, लांडगा यांनी जायचं कुठे? सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातला माळढोक उघड्या गवताळ रानातलाच पक्षी ना. आणि कार्बनचं म्हणाल तर गवताचा बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत असतो, वणवा लागून वरचं गवत जळालं तरी तो खाली राहतो, आपण मात्र रोपांसाठी चर खणून तीच माती उकरतो.

मला क्रेडिट ही कल्पनाच नको असं अजिबात नाही, माळ जपायला पैसा लागतोच आणि तो कुठून तरी यायला हवा. इंग्लंडमधे फेब्रुवारी २०२४ पासून बहुतेक मोठ्या बांधकामांना निसर्गात १० टक्के भर घालून ती ३० वर्षं टिकवावी लागते, आणि तिथे हिशोब अधिवासाचा होतो, म्हणजे चांगल्या गवताळ रानालाही गुण मिळतात. असं काही आपल्याकडे का नसावं?

वेडी बाभूळ आणि गिरिपुष्प ही बाहेरून आलेली झाडं काढायला पैसे द्या, गवताचं बी धरायला द्या, धनगरांचा चराईचा हक्क करारातच लिहा आणि क्रेडिटच्या पैशातला वाटा त्यांना द्या, कारण कुठला तुकडा कधी मोकळा सोडायचा हे ते पिढ्यानपिढ्या ठरवत आलेत. आणि मोजणीला पावसाळ्यानंतर या, ऑक्टोबरात, मे महिन्यात बघितलं तर कुठलाही माळ पडीकच दिसणार.