टे पुकेची किवी आणि अण्णांचा बेदाणा

गेल्या मंगळवारी माझ्या तोंडून एक वाक्य गेलं, आणि ते अजून डोक्यातून जात नाही.

न्यूझीलंडमधल्या टे पुके गावाच्या अलीकडे सत्तरी ओलांडलेले एक बागायतदार आहेत. त्यांच्या हिरव्या किवीची चार हेक्टर बाग आमच्या पॅकहाउसला, म्हणजे फळं निवडून पेट्या भरण्याच्या ठिकाणी, येते. कुणाची बाग कधी तोडायची, कुठली टोळी कुठे पाठवायची, बागायतदाराच्या हिशेबात काय अडलंय, हे सगळं माझ्याकडे असतं. फळ तोडायला तयार आहे का हे तपासायचा त्यांच्या बागेचा नमुना दुसऱ्यांदा नापास झाला. शुक्रवारपासून पाऊस सांगितला होता आणि किवी ओली असताना तोडत नाहीत. टोळी मोकळी बसून होती. मी म्हटलं, "रस्त्याकडच्या ओळींना ऊन जास्त मिळतं. पुढचा नमुना तिकडूनच घ्यायला सांगून बघू का?"

ते रागावले नाहीत. थोडा वेळ बागेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग मधल्या ओळींची फळं कोण खाणार?"

एवढं बोलून ते ट्रॅक्टर शेडकडे निघून गेले. मी गाडीत बसून राहिले. पंधरा वर्षं मी फळांच्या धंद्यात आहे. पुण्याला वैकुंठ मेहता संस्थेत कृषी व्यवसायाचं व्यवस्थापन शिकले, पिंपळगाव बसवंतला द्राक्ष निर्यातीच्या पॅकहाउसमध्ये क्वालिटी सांभाळली, आता इथे व्यवस्थापक आहे. आणि तरी अडचण आल्यावर पहिला विचार सुचला तो पळवाटेचा.

तुमच्याकडे किवी म्हणजे डेंग्यूचं फळ, हे मला ठाऊक आहे. घरात कुणाच्या प्लेटलेट्स उतरल्या की शेजारीपाजारी दोन-दोन किवी घेऊन येतात. इथे बे ऑफ प्लेंटीत मात्र गावंच्या गावं त्यावर उभी आहेत. आणि या नमुन्याचं प्रकरण जरा नीट सांगायला हवं, कारण मला इथे आल्यापासून सगळ्यात जास्त आदर वाटला तो त्याचाच.

प्रयोगशाळेची माणसं येतात. ती बागायतदाराची नसतात आणि पॅकहाउसचीही नसतात. बागभर फिरून फळं घेतात. कडकपणा मोजतात, साखर मोजतात, बी काळं झालंय का बघतात. मग फळाच्या मधोमध पातळ चकती कापून तिचं वजन करतात, ती रात्रभर वाळवतात आणि पुन्हा वजन करतात. पाणी उडून गेल्यावर उरतं ते ड्राय मॅटर. आपण द्राक्षाला रिफ्रॅक्टोमीटर लावतो, दोन थेंबांत ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, कळतो आणि तोडायचं की नाही ते ठरतं. किवीचं तसं नाही. ती वेलीवरून काढताना टणक आणि आंबटच असते. तिच्यातल्या स्टार्चची साखर पुढे होते. त्यामुळे आज चाखून काहीच कळत नाही. दोन महिन्यांनी टोकियोतली एखादी बाई ती चमच्याने खाईल तेव्हा गोड लागेल की नाही, हे त्या वाळलेल्या चकतीवरून कळतं.

इथली किवी परदेशात विकणाऱ्या झेस्प्री या कंपनीने या ड्राय मॅटरचा किमान आकडा ठरवून दिलाय. त्याच्या खाली फळ गेलं तर त्यावर झेस्प्रीचं स्टिकर लागत नाही. जितकं वर जाईल तितके बागायतदाराला पैसे जास्त. म्हणजे नुसत्या किलोला भाव नाही, चवीलाही भाव आहे. मी पहिल्या वर्षी हिशेबाचा कागद वाचला तेव्हा तो रकाना पुन्हा पुन्हा वाचला होता. आमच्या अण्णांनी तीस वर्षं द्राक्षं पिकवली. त्यांना रंगाचे पैसे मिळाले, मण्याच्या फुगवणीचे मिळाले, घडाला डाग नाही याचे मिळाले. गोडीचे वेगळे पैसे एकदाही मिळाले नाहीत.

हे इथे एका दिवसात झालेलं नाही. फळ मुळात चीनचं. १९०४ मध्ये इझाबेल फ्रेझर नावाच्या मुख्याध्यापिका चीनहून परतताना त्याचं बी घेऊन आल्या. बरीच वर्षं लोक त्याला चायनीज गूजबेरी म्हणत. १९५९ मध्ये टर्नर्स अँड ग्रोअर्स या कंपनीने अमेरिकेच्या बाजारासाठी किवीफ्रूट हे नाव काढलं. ते इतकं चाललं की फळाचंच नाव होऊन बसलं, आणि मग इटलीचा शेतकरीही किवी विकू लागला, चिलीचाही. ज्यांनी नाव शोधलं त्यांच्या हातात काही उरलं नाही. हापूसचं दुःख माहीत असलेल्या आपल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. वाशीच्या मार्केटात कर्नाटकचा आंबा हापूस म्हणून खपतो आणि देवगडचा बागायतदार शेजारच्या पेटीकडे बघत उभा राहतो. आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते २०१८ मध्ये. इथल्या लोकांनी १९९७ मध्ये झेस्प्री हा शब्द घडवला. त्याला कुठल्याच भाषेत अर्थ नाही, म्हणूनच तो दुसऱ्या कुणाला वापरता येत नाही.

त्याच्या आधी इथेही निर्यातदार एकमेकांचे भाव पाडत होते. ऐंशीच्या दशकात बागा वाढल्या, भाव कोसळले, कर्जं थकली. तेव्हा बागायतदारांनीच मागणी केली की बाहेर विकणारा एकच असू दे. १९८८ मध्ये तसं मंडळ झालं, पुढे त्याचीच झेस्प्री झाली. ऑस्ट्रेलिया सोडून बाकी जगात इथली किवी तीच विकते, आणि ती कंपनी बागायतदारांच्या मालकीची आहे.

हे मी अण्णांना पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा ते भडकले. "म्हणजे एकाधिकार? पोरी, कापसाच्या एकाधिकाराने विदर्भाचं काय केलं ते विसरलीस का?" अण्णा १९८० च्या नोव्हेंबरात शरद जोशींच्या कांदा-ऊस आंदोलनात रेल्वेच्या रुळांवर बसले होते. एकच खरेदीदार हा शब्द त्यांच्यासमोर काढणं म्हणजे जुन्या जखमेला हात लावणं. मी सांगत राहिले की तिथे खरेदीदार सरकार होतं, इथे तो आपणच आहोत. त्यांनी शेवटी एकच विचारलं, "पैसे कधी देतात?" खरं तर पैसे तुकड्यातुकड्यांनी येतात, शेवटचा हप्ता पुढच्या वर्षात जातो. अण्णा म्हणाले, "वर्षभर कोण थांबतं?" पण इथे लोक थांबतात, कारण ते पैसे येतात.

सगळं छान आहे असं मी लिहिणार नाही. गोल्ड किवीची जात लावायची तर फुटकी काडीही फुकट मिळत नाही. त्याच्या परवान्याची बंद लिफाफ्यात बोली लागते, आणि २०२२ मध्ये ती हेक्टरी आठ लाख न्यूझीलंड डॉलरच्या आसपास गेली होती. जमीन वेगळी, मांडव वेगळा, नुसत्या परवान्याचे एवढे. आणि त्याच वर्षी मजूर मिळाले नाहीत म्हणून फळाची प्रत घसरली, माल बाहेर जाऊन मऊ पडला. तोडणीला वानुआटू आणि सामोआची मुलं येतात, आपले पंजाबी येतात. टे पुकेत गुरुद्वारा आहे. हंगामात रात्रपाळी सुटली की कितीतरी जण थेट लंगरला जातात, मीही गेले आहे. आई गेली त्या आठवड्यात मला विमान मिळालं नाही. तेव्हा तिथल्या एका बिजींनी, म्हणजे पंजाबी आजींनी, मला जवळ बसवून जेवायला घातलं होतं. ते वरण आमच्या घरच्यासारखं मुळीच नव्हतं आणि मी दोनदा मागून घेतलं.

आता मला खरं खुपतं ते लिहिते. गेल्या महिन्यात आमच्या बैठकीत एका सहकाऱ्याने सहज विचारलं, "तुमच्याकडचे शेतकरी कच्ची द्राक्षं का तोडतात?" मी नको तितक्या मोठ्या आवाजात उत्तर दिलं. किवी टणक असताना आठ-दहा दिवस आणखी मांडवावर राहिली तर तिला काही होत नाही. द्राक्ष तयार झाल्यावर अवकाळीचा एक सडाका आला की मणी तडकतात आणि वर्ष संपतं. इथल्या वेली हिवाळ्यात आपसूक झोपतात. आमच्याकडे झोपेचा हिवाळाच नाही. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, असं वर्षातून दोनदा छाटून वेलीकडून एक पीक घ्यावं लागतं. गोडी छाटणीनंतर काडीच्या डोळ्या-डोळ्याचं हायड्रोजन सायनामाइडने पेस्टिंग करतात, म्हणजे डोळा फुटावा म्हणून ते औषध हाताने लावतात. तेच औषध इथे थंडी सरताना यंत्राने फवारतात. हे ऐकून तो गप्प झाला. निफाड-दिंडोरीच्या माणसाला जे हाताला माहीत आहे ते इथल्या कित्येक सल्लागारांना माहीत नाही, आणि हे मी त्याला सांगितलं.

आणि नमुने आम्हालाही नवे नाहीत. युरोपला जाणाऱ्या प्रत्येक बागेची अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेटवर नोंद असते, तोडणीआधी रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरलेल्या औषधांच्या अंशाचा, नमुना प्रयोगशाळेत जातो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट हे वेलीची वाढ रोखणारं रसायन सापडलं म्हणून आमचे कंटेनर युरोपात अडकले. त्या हंगामात मी पॅकहाउसला नवी होते. रात्री-अपरात्री शेतकऱ्यांचे फोन येत आणि मला सांगायला काही नसे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इथे टे पुकेत पीएसए हा जिवाणू सापडला आणि सोनेरी किवीची जुनी जात उखडून टाकावी लागली. दोन्हीकडची माणसं त्यातून उठली. इथल्यांनी नवी जात कलम केली. आमच्याकडे तपासण्या कडक झाल्या, आणि त्याच सुमारास नाशिकजवळच्या मोहाडीत विलास शिंदे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सह्याद्री फार्म्सने शेतकऱ्यांची कंपनी म्हणजे काय ते दाखवून दिलं.

पण बैठकीतून घरी आल्यावर माझा आवाज उतरला. कारण त्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मी दिलंच नव्हतं. रेसिड्यूचा नमुना आपण घेतो तो युरोप मागतो म्हणून. आपल्याच मुंबईच्या, आपल्याच नागपूरच्या माणसाला घड आंबट लागला तर त्याच्यासाठी थांबा म्हणणारं कुणी नसतं.

मी एकदा म्हटलं होतं. पिंपळगावला असताना माझ्या सख्ख्या नानाकाकांचा प्लॉट मी थांबवला. साखर भरली नव्हती. मी म्हटलं, आठ दिवस थांबा. आभाळ भरून आलं होतं, सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचं होतं. काकांनी दुसऱ्या दिवशी बाग एका परप्रांतीय व्यापाऱ्याला दिली. त्याने पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख दिले, उरलेल्याचा चेक दिला आणि गाळा बंद करून निघून गेला. चेक वटला नाही. काका मला कधी बोलले नाहीत. काकू बोलल्या: "तुझ्या मशिनीने आमचं वर्ष नेलं."

अण्णा दर दिवाळीला म्हणतात, "एवढं शिकलीस, आता इथे येऊन कर की." मी मुलीच्या शाळेचं सांगते, घराच्या हप्त्यांचं सांगते, आणि ते खोटं नाही. पण मंगळवारी गाडीत बसल्यावर मला काकूंचा चेहरा दिसत होता. त्या म्हाताऱ्या बागायतदारांना मी थांबा म्हटलं तर त्यांची बँक थांबते, पॅकहाउस थांबतं, टोळी दुसऱ्या बागेत जाऊन परत येते. माझ्या एका शब्दामागे इतकी माणसं उभी असतात. पिंपळगावात त्याच शब्दामागे मी एकटी होते आणि समोर काकांचं कर्ज होतं. मी तिथून निघाले त्याचं कारण पगार असं सगळे म्हणतात. मी त्यांना खोडून काढत नाही.

पाऊस रविवारी थांबला. बुधवारी तिसरा नमुना गेला, बागेच्या मधल्या ओळींसकट, आणि दुसऱ्या दिवशी पास झाला. संध्याकाळी मी अण्णांना फोन लावला. त्यांच्याकडे दुपार होती. चकती कशी कापतात, कशी वाळवतात, दोन वजनं कशी घेतात, सगळं सांगितलं. ते ऐकत होते.

"अगं, हे तर बेदाण्याचा उतारा बघणं झालं," ते म्हणाले. "चार किलोला किलोभर बसला की माल गोड होता समजायचं. पाच किलो लागले तर कच्चा तोडलेला. तासगावकडचे लोक हेच तर बघतात. तुमच्या किवीचा उतारा किती पडला?"

"शंभराला सोळा-सतरा, अण्णा."

"एवढाच?" त्यांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी उत्साह होता. "आमच्या द्राक्षाचा त्याच्याहून जास्त पडतो." मग जरा थांबून म्हणाले, "नानाला सांगतो आज. बागेत चार घड ठेवलेत त्याने घरच्यासाठी, त्यातले वाळवून बघू. तुझ्याकडे तो किमान आकडा काय धरतात, तेवढा लिहून पाठव."