मेथीवर फवारलेल्या औषधाचा अंश मोजताना

महागड्या यंत्रापर्यंत पोचण्याआधीच निकाल बिघडलेला असतो, बहुधा चिरताना. एक जुडी म्हणजे नमुना नव्हे. निदान 1 किलो मेथी वेगवेगळ्या जुड्यांतून घ्या, कुजकी पानं काढा, धुऊ मात्र नका. गोठवून बारीक वाटा.

त्यातला 10 ग्रॅम लगदा 50 मिलीच्या नळीत, त्यावर 10 मिली ॲसिटोनायट्राइल (औषध विरघळवून काढणारा द्रव), मिनिटभर जोरात हलवणं. मग 4 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि 1 ग्रॅम मीठ. मीठ पडताच नळी हलवा. थांबलात की तळाशी दगडासारखा गोळा बसतो. नळी तापते, ते मॅग्नेशियम सल्फेटचा पाण्याशी संयोग झाल्यामुळे, घाबरू नका.

अर्कातला हिरवा रंग काढायला कार्बन पावडर लागते, पण बेताने. पाण्यासारखा स्वच्छ अर्क दिसायला छान, पण क्लोरोथॅलोनिलसारखी चपट्या रेणूंची औषधं कार्बनलाच चिकटून जातात. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक तर या पद्धतीत सापडतच नाही. त्याचं कार्बन डायसल्फाइडमध्ये रूपांतर करून ते वेगळं मोजावं लागतं.

औषध नसलेल्या मेथीत औषधाची माहीत असलेली मात्रा मिसळून ती 70 ते 120 टक्के परत मिळाली, तरच आकड्यावर विश्वास.

आता ताटाचा हिशेब. मेथीत 0.2 मिग्रॅ/किलो क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक, 50 ग्रॅम भाजी, 12 किलोचं मूल: 0.2 × 0.05 ÷ 12 = मुलाच्या दर किलो वजनामागे 0.0008 मिग्रॅ. जागतिक तज्ज्ञगटाची रोजची मर्यादा किलो वजनामागे 0.01 मिग्रॅ, म्हणजे हे तिच्या आठ टक्के. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मात्र 2019 मध्ये या औषधाला सुरक्षित मर्यादा ठरवताच येत नाही असं म्हटलं.