लॉरेन मिलर आणि खरेदीखतातली ती अट

१९४० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये घर घेणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबाला पैशाची जुळवाजुळव झाली तरी सुटका नव्हती. वस्तीतल्या गोऱ्या घरमालकांनी मिळून सह्या केलेला करार आडवा येई: या जागेत गोऱ्यांखेरीज कोणी राहायचं नाही. घरकामाला ठेवलेला नोकर तेवढा चाले! करार काउंटीच्या नोंदणी कार्यालयात दाखल झाला की अट माणसाला नाही, जमिनीला चिकटे. मालक बदलले तरी ती तशीच.

हा मार्ग रुळला १९१७ नंतर. वंशानुसार वस्त्या आखणारे शहरांचे कायदे त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं रद्द केले, तेव्हा तेच काम खासगी करारांवर सोपवलं गेलं. कॅलिफोर्नियात तर १९१९ पासून अजब स्थिती होती. विक्रीवरची बंदी बेकायदा, पण राहण्यावरची कायदेशीर. म्हणजे घर तुमच्या नावावर, आणि उंबरठा ओलांडला तर शेजारी दावा लावून मनाई हुकूम आणणार. तो मोडला की न्यायालयाचा अवमान.

नेब्रास्कात १९०३ साली जन्मलेले, कॅन्ससमध्ये कायदा शिकलेले वकील लॉरेन मिलर अशा कुटुंबांच्या बाजूनं हे दावे लढवत. नेहमीचा बचाव तांत्रिक असे: सह्या पुरेशा नाहीत, मुदत संपली, वस्तीचं स्वरूपच बदललंय. यातली गोम अशी की जिंकलं तरी एकच वस्ती मोकळी होई, पुढच्या गल्लीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिवाय 'वस्ती बदलली' म्हणायला आधी कुणीतरी तिथे घुसलेलं असावं लागे.

१९४५ च्या डिसेंबरात वेस्ट ॲडम्समधल्या 'शुगर हिल'च्या खटल्यात पारडं फिरलं. प्रतिवादींत ऑस्करविजेती अभिनेत्री हॅटी मॅकडॅनियलही होती. न्यायाधीश थर्मंड क्लार्क यांनी कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या आधारावर दावा फेटाळला. ३ मे १९४८ रोजी सर्वोच्च न्यायालयानंही अशाच दुसऱ्या खटल्यांत या करारांच्या अंमलबजावणीविरुद्ध ६-० असा निकाल दिला. उरलेले तीन न्यायमूर्ती सुनावणीला बसलेच नव्हते. त्यांतल्या एका खटल्यात डेट्रॉइटच्या मॅक्गी कुटुंबाची बाजू मिलर आणि नागरी हक्कांचे वकील थरगूड मार्शल यांच्याकडे होती. मुद्दा नेमका होता: करार खासगी असेल, पण तो अमलात आणणारं न्यायालय सरकारचंच अंग, आणि सरकारला वंशभेद करता येत नाही.

फट मात्र राहिली. हुकूम मिळत नसेल, तर करार मोडून घर विकणाऱ्या गोऱ्या मालकाकडूनच नुकसानभरपाई मागितली तर? लॉस एंजेलिसच्या लिओला जॅक्सन यांच्यावर शेजाऱ्यांनी ११,६०० डॉलरचा दावा लावला. इथे अडचण मोठी होती. जॅक्सनबाई स्वतः गोऱ्या, मग हक्क कुणाचा बुडाला? आपल्यावर दंड बसला तर दुसरे विक्रेते घाबरून विकणारच नाहीत, म्हणून खरेदीदारांचा हक्क विक्रेत्यालाही मांडता यायला हवा, ही बाजू मिलर यांनी मांडली आणि १९५३ मध्ये ६-१ नं जिंकली. मला हा निकाल १९४८ च्या निकालापेक्षा चलाख वाटतो. विरोधी मत देणारे सरन्यायाधीश व्हिन्सन म्हणजे १९४८ चा निकाल लिहिणारेच गृहस्थ!

याच सुमारास, १९५१ मध्ये, मिलर यांनी शार्लोटा बास यांच्याकडून 'कॅलिफोर्निया ईगल' हे कृष्णवर्णीयांचं साप्ताहिक विकत घेतलं. तरुणपणी तिथेच बातमीदारी केली होती. दावे चालवणारा माणूसच मालक असल्यानं घरांचा प्रश्न अंकातून हटला नाही. १९६४ मध्ये न्यायाधीशपद मिळाल्यावर साप्ताहिक विकावं लागलं. त्याच नोव्हेंबरात मतदारांनी राज्याचा वर्षभरापूर्वीचा समान गृहहक्क कायदा 'प्रस्ताव १४' या सार्वमतानं निष्प्रभ केला. मे १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो प्रस्ताव घटनाबाह्य ठरवला, आणि जुलैत मिलर गेले.

ती अट अजूनही जुन्या कागदांत सापडते. १९४८ च्या निकालानं तिची अंमलबजावणी थांबवली, नोंद पुसली नाही. कॅलिफोर्नियात आज मालकाला मूळ दस्ताची प्रत घेऊन, आक्षेपार्ह ओळ खोडून, दुरुस्तीचा अर्ज नोंदणी कार्यालयात देता येतो. काउंटीचा वकील तपासतो आणि मग सुधारित दस्त नोंदवला जातो.