टँकर अडला, पण तेलात पामोलिन नव्हतं

मेअखेरीस गाळलेल्या उन्हाळी सूर्यफुलाच्या तेलाची आयोडीन व्हॅल्यू (100 ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषतं, म्हणजेच त्यात दुहेरी बंध किती, याचं माप) 117 आली आणि खरेदीदाराने टँकर अडवला. त्याची अट किमान 120 ची. लातूर भागातल्या त्याच गावांतून आलेल्या, त्याच वाणाच्या रब्बी मालाचं तेल फेब्रुवारीत 129 भरलं होतं. पामोलिनची, म्हणजे पामतेलाच्या पातळ भागाची, आयोडीन व्हॅल्यू बरीच कमी असते. त्यामुळे 'पामोलिन घातलंय' हा संशय अगदीच हवेतला नव्हता.

आधी चाचणीच पुन्हा केली. 0.2 ग्रॅम तेल, 25 मिली विज द्रावण (तेलातल्या दुहेरी बंधांना आयोडीन जोडणारं द्रावण), बाटली तासभर अंधारात, मग पोटॅशियम आयोडाइड घालून 0.1 नॉर्मल हायपोने (सोडियम थायोसल्फेटने) टायट्रेशन, म्हणजे उरलेल्या आयोडीनचं मोजमाप. तास पुरा झाला नाही, किंवा तेल जास्त घेतल्याने विज कमी पडलं, तर आकडा खाली येतो. नव्या द्रावणाने दोन बाटल्या लावल्या. ब्लँक (तेल न घातलेली बाटली) आणि नमुना यांना लागलेल्या हायपोतला फरक 18.4 आणि 18.5 मिली, म्हणजे पुन्हा 117 च.

129 वरून 117 वर यायला साधारण 17 टक्के पामोलिन लागतं. पण सूर्यफुलात पामिटिक आम्ल 6–7 टक्के, पामोलिनात 40 च्या आसपास. तेवढ्या भेसळीने ते 12 च्या जवळ जायला हवं. जीसीत (गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे तेलातली आम्लं वेगवेगळी मोजणारी चाचणी) निघालं 6. ओलेइक आम्ल (एक दुहेरी बंध) मात्र 42 टक्के आणि लिनोलेइक (दोन बंध) 47. रब्बीच्या तेलात हेच 29 आणि 60 होते. एकात 13 घटले, दुसऱ्यात तेवढेच वाढले.

दाण्यात आधी ओलेइक तयार होतं. मग डिसॅच्युरेज हे एन्झाइम त्यात आणखी एक दुहेरी बंध घालून लिनोलेइक करतं. उष्णतेत या एन्झाइमचं काम मंदावतं. बंध कमी, म्हणून आयोडीनही कमी शोषलं जातं. फुलोऱ्यानंतरचे दोन-तीन आठवडे निर्णायक असतात, आणि त्यातही दुपारच्या उन्हापेक्षा रात्रीचा पारा. रब्बीत दाणा भरताना रात्री 12–14 अंश असतात, एप्रिलअखेर 24 च्या आसपास. हाय-ओलेइक (मुळातच जास्त ओलेइक देणाऱ्या) वाणांत या एन्झाइमचं जनुकच दबलेलं असतं, त्यामुळे तिथे ऋतूचा फरक फारसा दिसत नाही.

गंमत म्हणजे हे तेल फरसाणाच्या भट्टीवर जाणार होतं, आणि तळणात जास्त ओलेइकवालं तेलच उशिरा खराब होतं! जीसीचा अहवाल पाहून टँकर उतरवून घेतला. आता उन्हाळी मालाच्या करारात आयोडीन व्हॅल्यू किमान 110 आणि पामिटिक कमाल 7.5 टक्के अशी अट असते.