वक्र छपराखालची तिरपी भिंत

परदेशात वास्तुरचनेच्या कार्यालयात नोकरी धरल्यापासून घरच्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो : दिवसभर संगणकासमोर बसून नेमके काय करतेस? गेल्या काही महिन्यांपुरते त्याचे खरे उत्तर असे, की मी भिंती छपराला भिडवते. छप्पर सपाट किंवा साधे उतरते असेल तर हे काम क्षणाचे असते. ते वक्र असले की त्याच कामाला दिवस लागतात, आणि ते दिवस मला मनापासून आवडू लागले आहेत.

आमच्याकडे रेव्हिट हे इमारतींचे त्रिमितीय मॉडेल करण्याचे सॉफ्टवेअर वापरतात. त्यात भिंत निवडून ‘अटॅच’ची आज्ञा द्यायची आणि छपरावर क्लिक करायचे, की भिंतीचा माथा छपराच्या खालच्या पृष्ठभागाला जाऊन मिळतो. दुसरा मार्ग ‘एडिट प्रोफाइल’चा, त्यात भिंतीची समोरून दिसणारी बाह्यरेषा आपण स्वतः रेखाटायची. दोन्ही भिंती पडद्यावर सारख्याच दिसू शकतात, परंतु पहिल्या भिंतीचे छपराशी नाते जडलेले असते आणि छप्पर बदलले की तीही बदलते, तर दुसरीची रेघ आपण जिथे काढली तिथेच राहते.

हा फरक ठाऊक असूनही मी एकदा दुसरा मार्ग धरला. छप्पर अर्ध्या नळकांड्यासारखे होते, त्रिज्या ४ मीटर, आणि त्याच्या अक्षाला ४५ अंशांत छेदणारी एक काचेची भिंत खालून जात होती. भिंतीचा एक तुकडा छपराच्या कडेबाहेर गेला होता. ज्याच्या डोक्यावर छप्परच नाही तो भाग जोडला जाणार तरी कशाला? छपराच्या कडेपाशी भिंतीचे दोन भाग करणे हा त्यावरचा सरळ उपाय होता. मी घाई केली आणि प्रोफाइल उघडून दोन्ही टोके व मधला सर्वोच्च बिंदू यांतून जाणारी कमान काढून मोकळी झाले. मध्यावर सेक्शन, म्हणजे मॉडेल उभे कापून आतले दाखवणारे चित्र, घेतला, जुळले. दोन्ही टोकांना पाहिले, तिथेही जुळले.

आठवड्याच्या आढावा बैठकीत माझ्या वरिष्ठांनी सेक्शनची रेघ मध्यापासून ४ मीटर बाजूला सरकवली आणि भिंत व छप्पर यांच्यामध्ये उघडे आकाश दिसले. नळकांडे तिरपे कापले की छेद लंबवर्तुळाकार येतो, हे शाळेत शिकलेले मी त्या क्षणी विसरले होते. या भिंतीच्या प्रतलात छपराची कड म्हणजे अर्धे लंबवर्तुळ होते : उंची ४ मीटर आणि मध्यापासून टोकापर्यंतचे अंतर सुमारे ५.६६ मीटर. मी काढलेली कमान ६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा होती. मध्यापासून ४ मीटरवर लंबवर्तुळाची उंची २.८३ मीटर भरते आणि माझ्या कमानीची २.४७ मीटर, म्हणजे जवळजवळ ३६ सेंटिमीटरची फट! काचा कारखान्यात कापून येणार होत्या आणि त्यांची मापे थेट मॉडेलमधून जाणार होती, तेव्हा ती फट जागेवर कोणी बुजवून घेईल अशी सोय नव्हती. मला कोणी बोलले नाही. वरिष्ठांनी फक्त छपराचा छेद माझ्या रेघेवर ठेवून दाखवला, आणि ते चित्र अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

त्यानंतर मी भिंतीच्या जाडीकडेही निराळ्या नजरेने पाहू लागले. भिंत म्हणजे एक प्रतल नव्हे, दोन प्रतले असतात, आणि वक्र छप्पर त्या दोहोंना वेगवेगळ्या उंचीवर भेटते. जमिनीवर टेकलेला १० मीटर त्रिज्येचा अर्धगोल घुमट घ्या. केंद्रापासून ६ मीटरवर उभ्या केलेल्या सरळ भिंतीची आतली बाजू मध्यावर त्याला बरोबर ८ मीटर उंचीवर भिडते. भिंत २०० मिलिमीटर जाड असेल तर बाहेरची बाजू ७.८५ मीटरवरच संपते. मध्यावरच सुमारे १५ सेंटिमीटरचा फरक आहे आणि टोकांकडे जाताना तो वाढत जातो. सॉफ्टवेअर हा तिरपा माथा अचूक कापते, पण बांधताना प्रत्येक थर तसाच कापायचा का, हे आपल्यालाच ठरवावे लागते. भार न पेलणारी भिंत असेल तर छप्पर वाकण्यासाठी वर थोडी जागा सोडावी लागते, म्हणून भिंत छपराला घट्ट भिडलेली दिसणे हेदेखील प्रत्येक वेळी बरोबर नसते.

या संदर्भात मला सिडनीच्या ऑपेरा हाउसची फार आठवण येते. डॅनिश वास्तुकार योर्न उत्झोन यांनी १९५७ मध्ये त्याच्या आराखड्याची स्पर्धा जिंकली, तेव्हा त्याच्या शिंपल्यांसारख्या छपरांची भूमिती निश्चित नव्हती. पुढे सर्व शिंपले सुमारे ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलातून कापले, आणि साच्यांची पुनरावृत्ती शक्य झाली. या गोलाची गोष्ट सगळे सांगतात. शिंपल्यांची तोंडे बंद करणाऱ्या काचेच्या भिंतींबद्दल मात्र क्वचितच कोणी बोलते. उत्झोन १९६६ मध्ये प्रकल्प सोडून गेले आणि त्या भिंतींचे काम वास्तुकार पीटर हॉल यांच्याकडे आले. १९७३ मध्ये इमारत खुली झाली. छपराचे कोडे सुटल्यावरही भिंतीचे कोडे स्वतंत्रपणे सोडवावे लागते, हे त्या काचांकडे पाहिले की माझ्या मनात पक्के होते.

माझी तिरपी भिंत आता दोन भागांत आहे आणि छपराखालचा भाग छपराला जोडलेला आहे. मध्यंतरी छप्पर ३०० मिलिमीटरने उचलायचे ठरले, तेव्हा तो माथा आपोआप वर गेला. काचांची मापे मी पुन्हा काढली, आणि या वेळी सेक्शन दर अर्ध्या मीटरवर घेतला.