तुम्ही विचारलंत म्हणून: लिनक्स फुकट आहे तर सगळीकडे विंडोजच का?

नाशिकमध्ये कॉम्प्युटर रिपेअरिंग करतो म्हटलं की हा प्रश्न येतोच, सातपूरच्या वर्कशॉपवाल्यांपासून कॉलेज रोडच्या पोरांपर्यंत सगळे विचारतात, दादा लिनक्सला पैसे लागत नाहीत, चांगलं पण आहे म्हणतात, मग जिकडे बघावं तिकडे विंडोजच कसं? (दोन्ही ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं मूळ सॉफ्टवेअर; विंडोज मायक्रोसॉफ्टचं.)

माझं मत सरळ आहे. चांगलं कोण, यावर हा निकाल लागलाच नाही. मशीन घेताना त्यात आधीपासून काय टाकलेलं असतं, यावर लागला. लिनस टोरवाल्ड्सने 1991 मध्ये लिनक्स सुरू केलं त्या काळात मायक्रोसॉफ्टचे पीसी बनवणाऱ्या कंपन्यांशी असे करार होते की जितकी मशीन विकाल तितक्यांचे पैसे द्यायचे, आत त्यांचं डॉस (विंडोजच्या आधीची त्यांची सिस्टीम) असो नाहीतर नसो. म्हणजे दुसऱ्याची सिस्टीम टाकली तर कंपनीला दोनदा भुर्दंड, मग कोण कशाला टाकेल? अमेरिकन सरकार मागे लागलं तेव्हा 1994 ला हे करार बंद करायचं मायक्रोसॉफ्टने कबूल केलं, पण तोवर घरोघरी त्यांचंच होतं आणि पुढच्याच वर्षी विंडोज 95 आलं. आयबीएमची ओएस/2 नावाची सिस्टीम तर 1992 लाच 32-बिट, म्हणजे त्या काळात पुढारलेली, झाली होती, तरी मागे पडली. याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि मग काय, माणसं जिथे तिथेच सॉफ्टवेअर. टॅलीवर धंदा चालतो किंवा श्रीलिपीत पत्रिका-बॅनर करता, तर मी तुम्हाला लिनक्स घ्या म्हणणार नाही.

पण बाकीच्यांना आवर्जून म्हणतो. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (मशीनमधली सुरक्षेची चिप) पाहिजे आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा, त्यामुळे सहाव्या जनरेशनचा धडधाकट आय-फाइव्ह लोक भंगारात काढायला निघालेत. हे चुकीचं आहे हो! एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) टाका, रॅम 8 जीबी करा, लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक सोपा प्रकार) मस्त पळतं, ब्राउजर, लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं फुकट सॉफ्टवेअर), मराठी टायपिंग सगळं होतं.

आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, इन्स्टॉल न करता, हार्ड डिस्कमधलं काही हलत नाही. वायफाय, प्रिंटर तपासा. टेंडर भरायला डिजिटल सिग्नेचरचं टोकन (ऑनलाइन सहीसाठीचं पेनड्राइव्हसारखं यंत्र) लागत असेल तर ते नक्की लावून बघा, बऱ्याचदा गाडी तिथेच अडते, आणि अडली तर मीच सांगेन की सध्या विंडोजच राहू द्या.