डीएनए असताना हाडं कशाला बघायची?

मी हाडं शिकवते. सामूहिक कबरींचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, "आता डीएनए आहे ना, मग हाडं निरखत कशाला बसायचं?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

डीएनए जुळवायला नातेवाइकांचं रक्त लागतं. समजा, आईवडिलांनी रक्त दिलं आणि त्यांचे दोन मुलगे एकाच दिवशी बेपत्ता झालेत, दोघंही अविवाहित, म्हणजे जुळवायला त्यांच्या स्वतःच्या मुलांचं रक्तही नाही. अहवाल म्हणतो, हाड यांच्याच मुलाचं. पण थोरल्याचं की धाकट्याचं? ते अहवालाला सांगता येत नाही. अशा वेळी कॉलरबोनचं छातीकडचं टोक बघायचं. वाढत्या वयात हाडाचं टोक सुटं असतं आणि नंतर हाडाला जुळून येतं, ते इथे सगळ्यांत शेवटी. सोळा-सतराव्या वर्षी तिथे बोट फिरवलं तर नांगरलेल्या वाफ्यासारख्या सऱ्या लागतात; तिशीत सगळं सपाट. भावांच्या वयात चांगलं अंतर असेल, तर एवढ्यावरून उलगडा होतो.

बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात जुलै १९९५ मध्ये आठ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे मारले गेले. पुरावा लपवायला काही महिन्यांनी कबरी यंत्रांनी उकरून प्रेतं दुसरीकडे नेली. त्यात देह तुटले आणि एकाच माणसाची हाडं मैलोन्‌मैल अंतरावरच्या खड्ड्यांत गेली. कोणता खड्डा कोणत्या मूळ कबरीतून भरला, हे माती आणि काडतुसांच्या पुंगळ्यांवरून जुळवलं. कोझलुकच्या बाटल्या भरण्याच्या कारखान्याजवळच्या कबरीतली काच तर दुसऱ्या खड्ड्यात हाडांबरोबर निघाली!

लपवणाऱ्यांनी यंत्रं लावली, हे समजू शकतं. पण अर्जेंटिनात लष्करी राजवट गेल्यावर तिच्या काळात बेपत्ता झालेल्यांना शोधणाऱ्यांनीही सुरुवातीला बुलडोझरच घातले, आणि हाडं मोडून एकमेकांत मिसळली. १९८४ मध्ये क्लाइड स्नो हे अमेरिकी हाडतज्ज्ञ तिथे गेले आणि त्यांनी विद्यार्थ्यांना हातात ब्रश घेऊन, थर राखून खणायला शिकवलं. त्या पोरांचाच पुढे जगभर जाणारा गट झाला.

बोस्नियात २००१ पासून डीएनएमुळे कामाला वेग आला. स्रेब्रेनिकातल्या जवळपास सात हजार जणांची ओळख पटली आहे. तरी घरच्यांना निरोप जातो तो बहुधा अर्ध्यामुर्ध्या देहाचा. कधी नुसतं मांडीचं हाड, कधी कवटीशिवाय बाकीचं. दफन आत्ता करायचं की उरलेलं मिळेपर्यंत थांबायचं, हे घरच्यांनीच ठरवायचं असतं. दफनानंतर आणखी हाडं सापडली, तर कबर पुन्हा उघडावी लागते. काही घरांनी ती दोन-दोनदा उघडली आहे. काही अजून थांबली आहेत.